न दाखवायचे, न खायचे

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ या खेळातल्या माणसांचे दात मात्र या दोन्हींत बसेनात. २०२३ च्या ऑक्टोबरात हा शहर वसवण्याचा खेळ बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत चिकित्सक खेळाडूंनी शोधून काढलं की, आपल्याला वरून जेमतेम ठिपक्याएवढा दिसणाऱ्या नागरिकाच्या तोंडात नीट घडवलेले दात आहेत. तोंड मिटलेलं, माणूस मैलभर लांब, तरी संगणकातलं ग्राफिक्स कार्ड ते दात इमानेइतबारे हिशेबात धरत होतं. लांबच्या माणसाची ढोबळ आकृती वापरून काम भागवायचं, असा या धंद्यातला जुना रिवाज आहे. या नागरिकांसाठी ती सोय केलेलीच नव्हती. फिनलंडच्या कलॉसल ऑर्डर या कंपनीने तसं कबूलही केलं. ठरवलेला वेग आम्हाला गाठता आलेला नाही, हे तर त्यांनी खेळ येण्याआधीच जाहीर करून टाकलं होतं. उद्घाटनाच्या आधी असं सांगणारा कंत्राटदार आपल्या बाजूला अजून जन्माला यायचाय.

मी स्वतः पहिल्या भागातली रहिवासी. २०१५ सालचा तो खेळ मी अजून सोडलेला नाही. माझ्या नगराचं नाव आटपाट. त्याला नदी आहे, ट्राम आहे, आणि ज्या चौकात उड्डाणपूल बांधावा त्याच्या पुढच्या चौकात वाहतूक तुंबावी ही आपली परंपराही आहे. लोकसंख्या लाखाच्या घरात गेली आणि आटपाट मंदावलं. घड्याळ रेंगाळायला लागलं, माणसं गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखी चालायला लागली. भाच्याने एक नजर टाकून निदान केलं, “मावशी, तुझं कार्ड जुनं झालंय. बॉटलनेक होतोय. नवीन घे.”

आजची पिढी कशालाही कार्डच जबाबदार धरते, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. कार्ड दिसतं. त्याला दोन-तीन पंखे असतात, दिवे असतात, आणि बिलातला सर्वांत मोठा आकडा बहुधा त्याचाच असतो. प्रोसेसर बिचारा एकदा बसवला की पंख्याखाली गाडला जातो. त्याचं दर्शन पुन्हा होतं ते संगणक मोडीत काढताना.

पण आटपाटाची गोष्ट वेगळी होती. तिथल्या नागरिकाला घर असतं, नोकरी असते, आणि घरातून नोकरीवर जायचा रस्ता शोधायचा असतो. एक पूल पाडला की हजारो जणांचे रस्ते नव्याने शोधावे लागतात. ही सगळी डोकेफोड प्रोसेसरची. त्या मानाने चित्र काढायचं काम किरकोळ. मी घर गहाण टाकून बाजारातलं सर्वांत महागडं कार्ड आणलं असतं, तरी आटपाटचे लोक त्याच गतीने कामावर गेले असते. उलट दुसऱ्या भागात, निदान सुरुवातीच्या महिन्यांत, गाव अजून नीट वसलेलंही नसताना कार्डाला धाप लागत होती. कंपनी तीच, खेळाची जात तीच, मध्ये आठ वर्षं, आणि गुन्हेगार बरोबर उलटा.

प्रोसेसर आणि कार्ड हे दोघं काम कसं वाटून घेतात? दारात मोठी रांगोळी काढायची आहे असं समजा. एक जाणती बाई ठिपके मांडते, रेषा जोडते आणि ‘इथे केशरी, तिथे पोपटी’ असं सांगत जाते. भोवती पोरींचा घोळका बसलाय, रंग भरायला. प्रोसेसर म्हणजे ती बाई. त्याच्यात कोअर असतात सहा नाहीतर आठ, पण प्रत्येक हुशार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तो घोळका. त्यात हजारो चिमुकले हात, एकेकट्याने फारसं डोकं न चालवणारे, पण एकदम रंग भरायला बसले की अंगण भरून टाकणारे. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर ही अख्खी रांगोळी १७ मिलिसेकंदांच्या आत काढून, पुसून, नवीन काढायला घ्यावी लागते. १४४ चित्रं हवी असतील तर जेमतेम ७. बाईने ठिपक्यांना वेळ लावला की पोरी चिमटीत रंग धरून बसून राहतात. पोरी कमी पडल्या तर बाई पुढची नक्षी मनात तयार ठेवून कमरेवर हात ठेवून उभी. बॉटलनेक, बॉटलनेक म्हणतात तो एवढाच.

आता हीच रांगोळी मोठी करा. नक्षी तीच, ठिपके तेवढेच, फक्त लांब लांब मांडलेले. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. फोर-के पडद्यावर ८२,९४,४००. बरोबर चौपट. बाईचं काम जवळपास तेवढंच राहिलं, रंग भरायची जागा चौपट झाली. म्हणून फोर-केवर बरेचसे प्रोसेसर सारखेच वाटतात, सगळ्या बायका पोरींची वाट पाहत उभ्या असतात. प्रोसेसरची परीक्षा घेणारे लोक मुद्दाम छोट्या पडद्यावर, मोठ्यातलं मोठं कार्ड लावून परीक्षा घेतात ते याचसाठी. ‘एवढं महाग कार्ड घेऊन फुल एचडीवर कोण खेळतं?’ असं त्यांना दर वेळी कोणीतरी ऐकवतंच. अहो, खेळायचं कुठे आहे? बाईचा हात किती चालतो ते बघायचंय. त्यासाठी अंगण लहान आणि पोरी भरपूर हव्यात.

घरच्या घरी गुन्हेगार ओळखायचा मार्गही यातच आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन, म्हणजे बिंदूंची संख्या, कमी करा. वेग वाढला तर कार्ड अडत होतं. काहीच फरक पडला नाही तर बाई अडतेय. भाच्याने हा प्रयोग केला नाही. त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, “हे बघ, प्रोसेसर वीस टक्केसुद्धा चालत नाहीये. आरामात बसलाय.” इथे पुष्कळ लोक फसतात. आठ कोअरपैकी एक जण घाम गाळतोय आणि बाकीचे सात नुसते बघतायत, तर एकूण आकडा दिसतो साडेबारा टक्के. आणि खेळांमध्ये बरीचशी कामं अशी असतात की ती एकालाच, एकापाठोपाठ एक करावी लागतात. २००७ सालच्या ‘क्रायसिस’ या खेळाची हीच रड होती. एकेका कोअरचा वेग असाच वाढत जाईल या भरवशावर तो बांधला होता. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी मात्र वेगाऐवजी कोअरची संख्या वाढवत नेली. पुढे कित्येक वर्षं नवनवी यंत्रं त्याच्यापुढे अडखळत राहिली.

इंटरनेटवर याचे हिशेब मांडून देणारी दुकानंही निघाली आहेत. प्रोसेसरचं नाव घाला, कार्डाचं नाव घाला, की ते दशांश चिन्हासकट सांगतात की तुमच्या जोडीत अमुक टक्के बॉटलनेक आहे. खेळ कोणता हे धड विचारत नाहीत. म्हणजे आटपाट चालवा नाहीतर दात मोजा, टक्के तेच. दशांशाचा आकडा दिसला की आपला विश्वास बसतो, त्यावर त्यांचं चालतं.

जोडीची खरी गंमत पाहायची तर इंटेलच्या आर्क बी५८० कार्डाकडे पाहावं. २०२४ च्या डिसेंबरात ते २४९ डॉलरला आलं आणि स्वस्त आणि मस्त म्हणून त्याचं भरपूर कौतुक झालं. परीक्षकांनी ते सुरुवातीला, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, सर्वांत वेगवान प्रोसेसरला जोडून तपासलं होतं. जानेवारीत काहींनी ते काही वर्षं जुन्या, मधल्या दर्जाच्या प्रोसेसरला लावून पाहिलं, तर काही खेळांत वेग चांगलाच घसरला. त्याच जुन्या प्रोसेसरबरोबर दुसऱ्या कंपनीची कार्डं एवढी घसरत नव्हती. कारण कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तो प्रोसेसरकडून जास्तीचं काम करवून घेत होता. पोरी कामाच्या, पण त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागणारी. बाई चपळ असली तर निभावतं, दमलेली असली की रांगोळी रखडते. आणि स्वस्त कार्ड घेणार कोण? ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे तोच. दैव म्हणतात ते हेच.

याच्या उलटची, सुखाची गोष्ट एएमडीची. त्यांचा रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर होता, ४.७ गिगाहर्ट्‌झचा, पोटात ३२ एमबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली स्मृती. २०२२ मध्ये त्यांनी त्याचाच भाऊ काढला, ५८००एक्स३डी. वेग उलट कमी, ४.५. पण कॅश ९६ एमबी. बाईच्या हाताला काडीचीही जादा चपळाई नाही, फक्त नक्षीचा कागद आणि खडू तिच्या अगदी मांडीशी आणून ठेवले. उठून घरात जायच्या फेऱ्या वाचल्या आणि खेळांमध्ये हा धाकटा थोरल्याच्या पुढे निघून गेला. शहरं, विमानं, लढायांचे डावपेच असल्या डोकेबाज खेळांत तर विशेषच.

कार्डवाल्यांनीही बाईला बगल द्यायची युक्ती काढली आहे. २०२२ पासून एनव्हिडियाची नवी कार्डं दोन चित्रांच्या मध्ये तिसरं चित्र स्वतःच रंगवून घालतात, प्रोसेसरला न विचारता. पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा फुगतो, हालचाल मऊ दिसते. असलं काही आटपाटात बसवलं तरी तिथला कारकून ऑफिसात पोचायचा तेव्हाच पोचणार, फक्त अधिक डौलात.

कोणी ना कोणी कोणासाठी तरी थांबणारच, हे एकदा मान्य केलं की प्रश्न उरतो, थांबावं कोणी? माझं मत विचाराल तर बाईने थांबावं. कार्ड पुरतं कामाला लागलेलं असेल तर चित्रं बहुधा एका ठेक्यात येतात. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा मात्र तो नेमका कोपऱ्यावर, गर्दीत, स्फोटाच्या क्षणी अडखळतो. सरासरीत ते दिसत नाही. सेकंदाला साठची सरासरी छान राखून मधलं एखादं चित्र शंभर मिलिसेकंद लटकलं, तरी सरासरीला पत्ता लागत नाही. डोळ्याला मात्र लगेच लागतो. ‘द टेक रिपोर्ट’ या संगणक परीक्षण करणाऱ्या प्रकाशनाने २०११ मध्ये सरासरी बाजूला ठेवून एकेका चित्राला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे लोकांच्या डोळ्यांना पुरावा मिळाला.

हे सगळं मला दोन प्रश्नांत कळलं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, संगणकाच्या दुकानात. (सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर ग्राफिक्स कार्डाऐवजी कुतूहल मिळेल.) भाचा कार्डांची नावं धडाधड म्हणत होता. दुकानदाराने ती ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, गेम कोणता? आणि मॉनिटर केवढा?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मग कार्ड नका घेऊ.” विकायला बसलेला माणूस नको म्हणाला की मराठी मनाला आधी शंकाच येते. हा दुसरं काहीतरी महाग गळ्यात मारणार, असं वाटून मी पर्स घट्ट धरली. त्याने कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्तातला प्रोसेसर काढला, जुन्याच मदरबोर्डावर बसणारा. बायोस अपडेट करायची आठवण मात्र दोनदा दिली.

आटपाट आता पळतंय. पळतंय म्हणून मी नदीपलीकडे नवं उपनगर काढलं, त्याला विमानतळ दिला, आणि घड्याळ पुन्हा किंचित रेंगाळायला लागलंय. भाचा म्हणतो, आता तरी कार्ड घे.

तुम्हीही त्या रस्त्याला निघाला असाल तर आधी फुकटातल्या गोष्टी करा. डब्याच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कार्डात खोचली आहे की मदरबोर्डात, ते बघा. ती मदरबोर्डात खोचून महिनोन्‌महिने महागड्या कार्डाला घरी बसवणारे लोक पुष्कळ आहेत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० वर तर चालत नाही ना, ते तपासा. रॅमची एकच पट्टी असेल तर तिला जोडीदार आणून द्या, ते मात्र फुकट नाही. एवढं करूनही अडत असेल तर रेझोल्यूशन कमी करायचा प्रयोग करा, आणि दुकानात शिरल्यावर कार्डाच्या आधी खेळाचं नाव सांगा.