बागेच्या फाटकास खुले पत्र

रा. रा. फाटकसाहेब यांस,
स. न. वि. वि.

बागेच्या नूतनीकरणात सत्कार व्हायला हवा होता तो आपला. पण नारळ फुटला घसरगुंडीपुढे आणि हार पडला भलत्याच गळ्यात. ती उणीव या पत्राने भरून काढतो.

लोखंडी पाइपांची दोन वळणं घेऊन आपण दारात उभे आहात, ते मोटारसायकली आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून. मोटारसायकली मागच्या तुटक्या कुंपणातून येतात. भटक्या कुत्र्यांना आपली वळणं तोंडपाठ आहेत. व्हीलचेअरवरची माझी आठ वर्षांची मुलगी मात्र आपण एकदाही आत सोडलेली नाही. असा चोख बंदोबस्त मंत्र्यांच्या दौऱ्यालाही नसतो.

लोक उगाच कायदा दाखवतात. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने 2007मध्ये स्वीकारला. त्याच्या 30व्या कलमात दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळता यावं, असं आहे. देशाच्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक वास्तू सुगम करायला पाच वर्षांची मुदत दिली होती, तीही उलटली. पण आपण पडलात लोखंडाचे, आपल्याला वाचता कुठे येतं? ज्यांना येतं, त्यांनी तरी कुठे वाचलंय?

समजा, आपण अंग चोरून नव्वद सेंटिमीटर वाट दिलीत, तरी काळजी नको. आत आपले सहकारी समर्थ आहेत. वाळूत चाक रुततं. एक फूट उंची गाठायला बारा फुटांचा उतार लागतो, आमच्या रॅम्पने ते काम चार फुटांत उरकलंय आणि वर पोहोचल्यावर पुन्हा पायरी आहेच. झोक्याला ना पाठ, ना पट्टा. दृष्टिहीन मुलाने चाचपून वाजवावं असं काही नाही. गोंगाटाने बिथरणाऱ्या स्वमग्न मुलाला घटकाभर बसायला आडोसा नाही.

काही आगाऊ माणसं बंगळुरूचा दाखला देतात. तिथे 'किलीकिली' ही पालकांची संस्था पालिकेच्या मागे लागली आणि कोल्स पार्कात सगळ्या मुलांनी मिळून खेळायची सोय झाली. भलतीच लागण! आज मुलं एका झोक्यात बसली, तर उद्या एका बाकावर बसायचं म्हणतील. त्यापेक्षा आमच्या समितीचा तोडगा सोज्वळ आहे: गावाबाहेर 'दिव्यांगांसाठी खास' कोपरा, 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला फुगे लावून उघडायचा. भावाने इथे खेळावं, बहिणीने तिथे, आणि आईने मधल्या रस्त्यावर उभं राहावं.

आता विनंती विशेष. आपल्याला बढती मिळावी. नगरपालिकेच्या सभागृहाच्या दारात आपली नेमणूक व्हावी आणि बागेचा खर्च मंजूर करायला प्रत्येक सदस्याने व्हीलचेअरवरूनच आत यावं. संध्याकाळच्या आत गॅसकटरवाला हजर होईल. त्याला तेवढा बागेचाही पत्ता द्या.

आपला,
बाहेर ताटकळणारा एक पालक