एका झाकणाचे सोंग

चेहऱ्याला रंग देणे हा उद्योग आमच्या जव्हार-मोखाड्याच्या मुलखाला नवा नाही. नवे असेल तर एवढेच की, माझ्यासारखा मनुष्य त्याच उद्योगाबद्दल दरमहा वेतन घेतो आणि तरीही तो त्याला धडपणे साधत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी संगणकावर यंत्रांच्या त्रिमित आकृती रचतो. या विद्येत वस्तूच्या प्रत्येक पृष्ठाला ‘फेस’ अशी संज्ञा आहे. त्यामुळे साधा लोखंडी ठोकळादेखील सहा मुखांचा धनी होऊन, चतुर्मुख ब्रह्मदेवाला मागे टाकून, थेट कार्तिकस्वामींच्या पंक्तीला जाऊन बसतो. सुटा भाग तो पार्ट, आणि असे अनेक भाग जुळवून उभे केलेले सबंध यंत्र ती असेंब्ली.

होळी होऊन दोन दिवस झाले असतील. एका गिअरबॉक्सवर सहा सारखी झाकणे होती. त्यांकडे बोट दाखवून आमचे साहेब म्हणाले, “यातलं तेल भरायचं झाकण एकच. त्याचं फक्त वरचं तोंड लाल करा. फिटरला लांबून कळलं पाहिजे.”

“पाच मिनिटांत करतो, साहेब,” मी म्हणालो. ती पाच मिनिटे मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, आटोपल्यावर संपली.

मी त्या झाकणाचे वरचे तोंड निवडले, तांबडा रंग दिला आणि क्षणार्धात सहाही झाकणे एखाद्या कुटुंबाने एकदम लाजावे तशी लाल झाली. मी विस्मयाने पाहत आहे तोच पलीकडच्या टेबलावरून आमच्या सहकारी बाईंचा आवाज आला, “अहो, माझ्या कन्व्हेयरला गोवर कोणी आणला?” त्यांच्या यंत्रातही तेच झाकण होते, तेही चाळीस ठिकाणी.

या अनर्थाचे मूळ फार जुने आहे. 1963 साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड नामक तरुणाने ‘स्केचपॅड’ ही संगणकावर रेखाटन करण्याची आज्ञावली सिद्ध केली आणि तीत अशी सोय ठेवली की, मूळ आकृती एकदाच काढावी, तिच्या हव्या तितक्या प्रती मांडाव्यात आणि मूळ बदलताच सर्व प्रती आपोआप बदलाव्यात. कल्पना अलौकिक खरी. परंतु सदरलंडसाहेबांच्या पडद्यावर रंग नव्हते आणि त्यांच्या मागे आमचे साहेब नव्हते.

मग मी दुसरा मार्ग धरला. रंगाचा हुकूम पार्टच्या दप्तरी न नोंदवता असेंब्लीच्या दप्तरी नोंदवला. तेव्हा उरलेली पाच झाकणे पूर्ववत झाली, बाईंचा कन्व्हेयर गोवरातून उठला, पण ते एक झाकण मात्र आतून, बाहेरून, आट्यांसकट लालेलाल झाले. जणू नुसते कुंकू लावायला सांगितलेल्या पोराने देव्हाऱ्यातला देवच कुंकवाच्या डबीत बुडवून आणला.

येथे या राज्याची कारभारपद्धती सांगणे प्राप्त आहे. तोंड ही भिंत, भिंतींचे घर, घरांचा पाडा आणि पाड्यांचे मिळून गाव म्हणजे पार्ट, असे समजा. भिंतीला दिलेला रंग घराच्या रंगावर मात करतो, घराचा पाड्याच्या आणि पाड्याचा गावाच्या. इथवर धाकट्याचा शब्द वरचढ, म्हणजे लोकशाहीला लाजवील असा न्याय! पण या सर्वांवर असेंब्ली नावाचे संस्थान बसलेले आहे आणि त्याचा हुकूम सुटला की भिंतीपासून गावापर्यंत सर्वांची वहिवाट रद्द. मुकण्यांचे जव्हार संस्थान 1948 साली विलीन झाले. आमच्या आज्ञावलीतले विलीनीकरण अद्याप व्हायचे आहे.

त्रासून मी रजा टाकली आणि विक्रमगडमार्गे घरी जव्हारला आलो. जवळच्या पाड्यावर बोहाड्याचे मुखवटे करणारे एक वृद्ध काका आहेत, त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. मातीच्या साच्यावर कागदाचा लगदा थापून वाळवलेला रावण त्यांच्या मांडीवर उताणा पडला होता; मधले तोंड मोठे, बाजूची लहान. करवंटीत तैलरंग होता. काकांनी कुंचल्याचे टोक करवंटीच्या काठाला दोनदा पुसले, श्वास धरला आणि एका लहान तोंडाची भुवई एका ओढीत उमटवली. शेजारचे तोंड होते तसेच राहिले. मला भरून आले.

“काका, ही बाजूची तोंडं एकाच साच्यातली का?”

“एकाच.”

“मग एकाला रंगवलं की दुसऱ्याला लागत नाही?”

काकांनी माझ्याकडे, मी काही घेतले आहे काय अशा नजरेने, पाहिले. “साचा एक असला म्हणून काय झालं? रंग ज्याचा त्याला.”

असे म्हणून त्यांनी मधल्या कपाळावर टिळा ओढला. मला असा टिळा लावायचा झाल्यास आधी कपाळाची मोजणी करून, हद्दीची रेघ आखून, त्याचा रीतसर पोटहिस्सा पाडावा लागतो. मगच त्या तुकड्याला स्वतंत्र तोंड म्हणून मान्यता मिळते आणि रंगाचा अर्ज दाखल होतो.

पुढे मोखाड्याला बोहाडा पाहायला गेलो. वाटेत पाण्याचे टँकर भेटले. मध्य वैतरणेचे धरण याच तालुक्यात, पाणी मात्र मुंबईच्या नावे. तेव्हा मालकी एका दप्तरी आणि वहिवाट दुसऱ्या दप्तरी, हा घोटाळा संगणकाने शोधून काढला असे म्हणता येत नाही. रात्री संबळ वाजू लागला, मशाली पेटल्या, गणपती आला, शारदा आली, आणि मग शेंदरी तोंडाचा मारुती उड्या घेत आला. त्याच्या पायांतल्या निळ्या पट्ट्याच्या चपलेवरून मी त्याला ओळखले. संध्याकाळी टपरीवर त्यानेच मला चहा दिला होता. त्याचा धाकटा भाऊ माझ्याच शेजारी उभा राहून शेंगा सोलीत होता. रूप त्याच वळणाचे, नाक त्याच साच्याचे, पण तोंडावर शेंदराचा ठिपकासुद्धा नाही.

सोमवारी ऑफिसात पोचताच मी पार्ट उघडला. ‘डिस्प्ले स्टेट’ नावाचे एक कलम पडद्याच्या कोपऱ्यात इतकी वर्षे बसून होते आणि मी त्याला कोण्या कचेरीतल्या बिनकामाच्या कारकुनाप्रमाणे ओलांडून जात असे. हे म्हणजे आमचे सोंगच की! झाकण एकच, त्याला सोंगे दोन: एक नेहमीचे, एक वरचे तोंड लाल असलेले, आणि असेंब्लीत प्रत्येक प्रतीला, बये, तू कोणते सोंग घ्यायचेस, हे वेगवेगळे सांगता येते. पाच झाकणे साधी ठेवली, सहाव्याला सोंग दिले, आणि भीतभीत पलीकडच्या टेबलाकडे पाहिले. बाई शांतपणे डबा खात होत्या.

साहेब आले. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकले.

“हे कोपऱ्यात ‘मारुती’ काय लिहिलंय?”

“झाकणाचं सोंग आहे, साहेब.”

साहेब बराच वेळ त्या लाल तोंडाकडे पाहत राहिले. “बरं,” ते म्हणाले, “आता बोल्टांची डोकी पिवळी करा. सगळी नको, एकाआड एक.”