मजुरी वाचवण्याचे शास्त्र

शिरूर आणि दौंड तालुक्यांत मोटार बिघडली की आधी मजुरीचा विचार होतो, बिघाडाचा नंतर. स्वयंदुरुस्तीचे शास्त्र यातूनच उदयास आले. त्याला स्थानिक आधारही आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारींची इंजिने तयार झाली आहेत. दौंड जंक्शनवर पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचे इंजिन या टोकाचे काढून त्या टोकाला लावण्याचा कार्यक्रम कित्येक दशके चालला. तेव्हा इंजिनविद्या इथल्या हवेतच आहे, असे हे शास्त्र मानते.

अभ्यासाला सर्वांत सोयीचा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. त्यात मेणाची कुपी असते. कूलंट साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. झडप मिटलेलीच अडकली, तर इंजिन उकळते. उघडी अडकली, तर ते नीट तापत नाही आणि इंधन जास्त पिते.

पहिली पायरी निदानाची. चौफुला-न्हावरा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे तापमानाचा काटा वर चढला, की दोष थर्मोस्टॅटचाच ठरतो. पंखा, पाण्याचा पंप आणि गळका होज यांना संशयाचा फायदा मिळतो. खात्रीसाठी काढलेला भाग उकळत्या पाण्यात सोडून झडप उघडते का, हे पाहतात. त्यासाठी चहाचे पातेले वापरले जाते. पुढे ते मोटारीच्याच मालकीचे होते.

दुसरी पायरी खरेदीची. शे-दोनशे वाचावेत म्हणून सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेपर्यंत जातात. जाण्यायेण्याचे इंधन, जेवण आणि दिवसाचा खाडा हिशेबात धरायचा नसतो.

तिसरी पायरी जोडणीची. जुनेच गॅसकीट ‘अजून चांगले आहे’ म्हणून पुन्हा बसते. कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले जाते आणि त्यातले क्षार रेडिएटरात कायमचे राहायला येतात. आतली हवा काढण्याचे कलम बहुतेक अभ्यासक गाळतात. शेवटी उरलेल्या बोल्टला ‘कंपनीने जास्तीचा दिला होता’ असे म्हणतात.

प्रगत अभ्यासक थर्मोस्टॅट बसवतच नाहीत. ‘नसलेला भाग बिघडत नाही’ हा त्यांचा सिद्धांत बिनतोड आहे. थंड इंजिनाची वाढती झीज आणि इंधनाचा खर्च मात्र पंपावर, हप्त्याहप्त्याने भरावा लागतो.

वास्तविक हे काम अनेक गाड्यांत घरी जमण्यासारखे असते. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे, गॅसकीट नवे घालावे, कंपनीने सांगितलेले कूलंट भरावे आणि हवा काढावी. एवढे पाळले, तर मजुरी खरोखर वाचते. न पाळल्यास हेड गॅसकीट उडते, आणि हेड उतरवण्याची मजुरी मेस्त्री घासाघीस न करता घेतो.