विष सापडलं नाही, तरी फाशी

"शालूताई, ऐकलंत का? मागच्या गल्लीतले ते एकटे राहणारे काका गेले. पोलीस आले होते, पंचनामा झाला, ससूनला नेलंय. मला तर काहीतरी काळंबेरं वाटतंय बाई."

"काळंबेरं कसलं, वहिनी? शेवटच्या दिवसांत तपासणारा डॉक्टर नसेल, तर मृत्यूचा दाखला देणार कोण? अकस्मात मृत्यूची नोंद होते, पोस्टमॉर्टेम होतं. उलट ते न करता घाईनं उरकलं असतं, तर मी पण कान टवकारले असते."

"तुम्हाला काय, उभा जन्म त्या लॅबमध्ये गेला. आम्ही आपले टीव्हीवर बघणार. तिथं डॉक्टर चादर बाजूला करतो आणि लगेच म्हणतो, 'हा खून आहे.'"

"खरा डॉक्टर असं सहसा बोलायचाच नाही. तो मरणाचं कारण सांगतो. बुडून, गळफासानं, डोक्याला मार लागून. आता गच्चीवरून पडलेला माणूस घ्या. उंचावरून पडल्यानं गेला, एवढं हाडं सांगतील. पण उडी मारली, तोल गेला की कुणी ढकललं? त्याला गच्चीवरच जावं लागतं. कठडा किती उंच, चप्पल कुठे, भिंतीपासून किती लांब पडला, आदल्या दिवशी कुणाशी भांडण झालं होतं का. म्हणून तर पंचनाम्यात असल्या बारीकसारीक गोष्टी लिहितात. लोक हसतात त्याला."

"पण फास घेतला की दुसऱ्यानं आवळला, हे तरी कळत असेल की नाही?"

"ते बरंचसं कळतं. स्वतः लटकलेल्याचा वळ बहुधा हनुवटीखालून तिरका वर कानाकडे जातो आणि मध्ये तुटतो. दोरीनं आवळलेल्याचा आडवा असतो, खालच्या बाजूला, गळ्याभोवती पुरता फिरलेला. जळालेल्या माणसाच्या श्वासनळीत काजळी आहे का, तेही बघतात. असेल तर आग लागली तेव्हा श्वास चालू होता. नसेल तर आधीच काही झालं होतं का, हे शोधायचं."

"आणि तुमच्याकडे काय यायचं?"

"व्हिसेरा. जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड. मिठाच्या दाट पाण्यात घालून, सीलबंद बरण्यांतून."

"लोणच्यासारखं?"

"वहिनी, मला अजून जेवायचंय! पण ऐका, बरणीत विष सापडलं नाही म्हणजे विष दिलंच नव्हतं, असं नसतं. लक्ष्मीबाई कर्व्यांची केस ठाऊक आहे ना?"

"शुक्रवार पेठेतली? आमच्या सासूबाई सांगायच्या. तो डॉक्टर... लागू!"

"तोच, अनंत चिंतामण लागू. बाई विधवा, पैसेवाल्या, मधुमेही. हा त्यांचा भाडेकरू आणि औषधपाणी बघणाराही. १२ नोव्हेंबर १९५६ ला रात्रीच्या गाडीनं त्यांना मुंबईला घेऊन निघाला, मोठ्या डॉक्टरांना दाखवतो म्हणून. पहाटे गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध. यानं त्यांना जी. टी. हॉस्पिटलात नेलं आणि नाव भलतंच सांगितलं. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या."

"आणि हा?"

"पुण्याला परत. प्रेत न्यायला कुणी येईना. बेवारस म्हणून मेडिकल कॉलेजात चिरफाडीला जायचं ठरलं. तिथल्या शिपायाला गळ्यावर संशयास्पद वळ दिसला म्हणून दहा दिवसांनी पोस्टमॉर्टेम झालं. गंमत बघा, तो वळ काही मरणाचं कारण नव्हता, पण त्याच्यामुळेच बाईंची तपासणी झाली. व्हिसेऱ्यात विष निघालं नाही. मधुमेहानं बेशुद्धी येऊन मृत्यू आला असावा, असं मत पडलं. फाइल बंद."

"अगं बाई! मग घरचे?"

"घरच्यांना पत्रं यायला लागली, बाईंच्या नावानं. मी दुसरं लग्न केलं, जयपूरकडे असते, काळजी करू नका. आणि इकडे त्यांचे पैसे, शेअर्स एकेक करून या डॉक्टरच्या हातात जात होते. शेवटी नातेवाइकांनी तक्रार केली. बेवारस प्रेताचे फोटो पोलिसांनी रीतीप्रमाणे काढून ठेवले होते, त्यावरून बाई ओळखल्या. मार्च १९५८ मध्ये लागूला पकडलं."

"पण शालूताई, विष तर मिळालंच नव्हतं. वकिलानं तेच धरलं असेल."

"धरलं की! कोणतं विष, कधी दिलं, याच्याकडे होतं का, यातलं काहीच दाखवता येत नव्हतं. पण कोर्टानं बाकीचं सगळं तपासलं. मधुमेहाच्या बेशुद्धीशी लक्षणं जुळत नाहीत. बरं, आजारानंच गेल्या असत्या, तर डॉक्टर असलेल्या माणसानं खोटं नाव का सांगावं? नातेवाइकांना का कळवू नये? मेलेल्या बाईच्या नावानं पत्रं कशाला? आणि कोणतं विष मागे खूण ठेवत नाही, हे डॉक्टरहून जास्त कुणाला ठाऊक असणार? विष सापडलं नाही एवढ्यानं त्याला सोडलं, तर हुशार खुन्याला बक्षीसच मिळायचं. डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली."

"तिघा-चौघांनी एकमतानं?"

"नाही ना! तीन न्यायाधीश होते. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी निकालपत्र लिहिलं, न्यायमूर्ती दास त्यांच्या बाजूचे. न्यायमूर्ती सरकारांना मात्र पटलं नाही. विषानं मृत्यू झाला हेच सिद्ध नाही, असं त्यांचं मत. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी सोडलं असतं."

"मग मी सरकारांच्या बाजूची. पत्रं खोटी लिहिली म्हणून चोर म्हणा, लुटारू म्हणा. पण फाशी?"

"हेच आमच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत चालायचं. विषवाले आम्ही सगळे तुमच्यासारखेच, सापडलं तर लिहू म्हणणारे. एक जुने साहेब होते, ते तेवढे हिदायतुल्लांचे. म्हणायचे, बरणी बघा, पण बरणी पाठवणाऱ्याचं तोंडही बघा."

"आणि तुम्ही, शालूताई?"

"मी? मी रिटायर होईपर्यंत 'सापडलं नाही' एवढंच लिहीत आले. 'दिलं नाही' असं कधी लिहिलं नाही."