उतरणीचे मास्तर

पुण्याच्या पेठांतून, आणि पेठांबाहेरही जेथे जेथे सायन्सच्या परीक्षेस बसणारी मुले व मुलांहून अधिक धास्तावलेले त्यांचे वडील राहतात अशा प्रत्येक वस्तीतून, खासगी शिकवण्या करणारे एक मास्तर हटकून आढळतात. तरफ, कप्पी, पाचर ही प्रकरणे ते केवळ कर्तव्यबुद्धीने उरकतात. परंतु खडबडीत उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे उदाहरण निघाले की त्यांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरते, ती त्यांच्या स्वतःच्या लग्नातील छायाचित्रातही दिसत नाही.

प्रथम फळ्यावर त्रिकोण उमटतो, त्यावर ठोकळा बसतो, आणि ठोकळ्यातून वजनाचा बाण सरळ खाली सुटतो. लंबप्रतिक्रिया उतरणीशी काटकोनात न काढता एखाद्याने भाबडेपणाने सरळ वर काढली, तर मास्तर रागावत नाहीत. त्याच्या वडिलांचा व्यवसाय काय, एवढेच हळुवारपणे विचारतात. घर्षणाचा बाण मात्र कोणालाही घाईने काढू देत नाहीत. घर्षण म्हणजे त्यांच्या मते सरकारी कचेरीतील जुना कारकून. त्याला स्वतःचे मत नसते, पदार्थ जिकडे सरकू पाहील त्याच्या विरुद्ध शेरा मारावयाचा आणि तोही लागेल तेवढाच, अशी त्याची रीत. लंबप्रतिक्रियेस घर्षणगुणांकाने गुणून येणारी रक्कम ही त्याच्या अखत्यारीची शेवटची मर्यादा, आणि ती ओलांडली गेली की प्रकरण त्याच्या हातून निसटते. हा गुणांक काढण्यास त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. लोनीच्या स्थितिशास्त्राच्या पुठ्ठ्यावर काडेपेटी ठेवून ते पुस्तक एका बाजूने सावकाश उचलू लागतात, आणि काडेपेटी ज्या कोनाला सुटते त्याची स्पर्शज्या हाच गुणांक, असा फैसला देऊन त्याच काडेपेटीने विडी पेटवतात.

आमच्या वाड्यातील या जातीच्या मास्तरांना एकदा साक्षात उदाहरण चालून आले. नव्या बिऱ्हाडकरूंचे १०० किलोचे लोखंडी कपाट हातगाडीवरून फळीने ओट्यावर चढवावयाचे होते. फळीचा कोन ३०° आणि गुणांक ०.५ असे मास्तरांनी लांबूनच ठरवले. हा गुणांक कोठून आणला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पुस्तकातील बहुतेक फळ्या त्याच लाकडाच्या असतात. मग हमालांस थांबवून, खडूने ओट्याच्या भिंतीवर आकृती काढून त्यांनी असा खुलासा केला की, फळीला समांतर सुमारे ७ किलोंपेक्षा कमी जोर लावल्यास कपाट खाली येईल, सुमारे ९३ किलोंपेक्षा अधिक लावल्यास वर जाईल, आणि या दोहोंमध्ये कितीही लावला तरी जागचे हलणार नाही. त्यातही बरोबर ५० किलो लावल्यास घर्षण शून्य होऊन कारकून रजेवर जातो, तेथून पुढे त्याच्या शेऱ्याची दिशाच फिरते. ही शेवटची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज किंचित कापला. हमालांचा कापला नाही, पण त्यांच्या हातांतले कपाट कापू लागले होते.

तेवढ्यात बिऱ्हाडकरू म्हणाले, “कपाट उभंच न्या रे, आडवं टाकलंत तर सगळं अंग घासेल आणि जास्त जड जाईल.” मास्तरांना हे सहन होणे शक्यच नव्हते. टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाशी घर्षणाचा संबंध नाही, हे आमाँताँ यांनी १६९९ मध्येच मांडले असून पुढे त्यानंतरच्या शतकात कूलाँ नामक लष्करी इंजिनिअराने पुष्कळ प्रयोग करून ते पक्के केले आहे, असा दाखला त्यांनी दिला. “ते फ्रान्सात झालं असेल,” बिऱ्हाडकरू म्हणाले, “हे कपाट रविवार पेठेतलं आहे.”

मास्तर यावर निरुत्तर झाले नाहीत, कारण त्यांचा हुकमी एक्का अजून शिल्लक होता. दोर फळीला समांतर न ओढता फळीपासून साडेसव्वीस अंश वर उचलून ओढावा, म्हणजे लंबप्रतिक्रिया घटते, तिच्याबरोबर घर्षण घटते आणि ९३ किलोंचे काम सुमारे ८३ किलोंतच भागते, हा सिद्धांत उच्चारण्यासाठी ते वळले. पाहतात तो वरच्या हमालाने दोर खांद्यावर टाकून पाठ वाकवली होती, आणि दोर फळीपासून बरोबर तेवढाच, निदान पाहणाऱ्यास तेवढाच वाटावा इतका, वर उचललेला होता. “मास्तर, जरा सरका की तिकडं,” एवढेच बोलून त्याने एक हिसका दिला आणि कपाट ओट्यावर आले.

मास्तरांनी ताबडतोब भिंतीवरील आकृतीखाली उत्तर लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. उत्तर बरोबर होते. वाचकहो, आपल्या चिरंजिवांना यामिकीत गती नसेल तर या मास्तरांकडे अवश्य पाठवा, ते पास करून देतील. बिऱ्हाड हलवण्याचा दिवस मात्र त्यांना कळू देऊ नका.