मूळ किमतीचा म्हातारा गोलंदाज

संघ नव्याने बांधायला घेतला की व्यवस्थापनाला दोन प्रकारचे खेळाडू लागतात: ज्यांचे फोटो पोस्टरवर लावायचे ते, आणि ज्यांनी प्रत्यक्ष षटके टाकायची ते. पहिल्या प्रकारातच पैसे संपतात, म्हणून दुसरा प्रकार स्वस्तात शोधावा लागतो. पस्तिशीच्या आसपासचा, बाकी कुणी हात न लावलेला, मूळ किमतीला मिळणारा गोलंदाज हा या शोधाचा नेहमीचा निकाल. तो घ्यावा की नाही, हा प्रश्न आयपीएलच्या लिलावात पंचतारांकित गांभीर्याने चर्चिला जातो. गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावी, मे महिन्यातल्या सामन्यांसाठी वाडीच्या संघाची यादी होते तेव्हाही तो तितक्याच गांभीर्याने चर्चिला जातो. फरक एवढाच की तिथे चहा स्वतःच्या खर्चाने प्यावा लागतो.

मुंबई इंडियन्सचे उदाहरण अभ्यासाला सोयीचे आहे. पाच विजेतेपदे मिरवणारा हा संघ 2022 मध्ये पहिले आठही सामने हरला आणि दहा संघांत दहावा आला. भविष्याची तरतूद मात्र त्याच वर्षीच्या लिलावात झाली होती. वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर कोपराच्या दुखापतीमुळे तो हंगाम खेळणार नाही, हे ठाऊक असताना त्याच्यावर आठ कोटींची बोली लावली गेली. याला दूरदृष्टी म्हणतात. घरातल्या कर्त्या माणसाने असा व्यवहार केला तर त्याला काय म्हणतात, हे वाचकांना माहीत आहे. पुढे 23 डिसेंबर 2022 रोजी कोचीच्या लिलावात कॅमरून ग्रीनसाठी साडेसतरा कोटी मोजले गेले आणि त्याच दिवशी लेगस्पिनर पियूष चावला 50 लाखांच्या मूळ किमतीला संघात आला. दुसऱ्या दिवशी त्याला 34 वर्षे पूर्ण होत होती. आदल्या लिलावात त्याला कुणी घेतलेच नव्हते. 2022 चा हंगाम त्याने समालोचन करण्यात काढला होता.

2023 मध्ये चावलाने 16 सामन्यांत 22 बळी घेतले, संघात सर्वाधिक. आर्चर पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि मायदेशी परतला. लिलावातल्या बोलीला बळींनी भागले तर चावलाचा एक बळी सव्वादोन लाखांना पडतो आणि आर्चरचा चार कोटींना. हा हिशेब अन्यायकारक आहे, कारण कोपर दुखावला यात आर्चरचा दोष नव्हता. पण जमाखर्चाच्या वहीत कोपराचे खाते नसते. तळाचा संघ त्या वर्षी अंतिम सामन्यापासून एका पायरीवर थांबला. लिलावाआधी ज्याला वय म्हणत होते, त्याचे हंगामानंतर अनुभव असे बारसे झाले.

यात चमत्कार काही नाही. वेगवान गोलंदाजाचे भांडवल गुडघ्यात आणि पाठीत असते, ते आधी झिजते. लेगस्पिनरचे भांडवल मनगटात आणि फलंदाजाच्या डोक्यात काय चालले आहे ते ओळखण्यात. ते उशिरा झिजते. चावलाचा चेंडू फार वळत नसे, पण गुगली लवकर ओळखू येत नसे आणि मारा यष्टींवर असे. फलंदाज चुकला तर त्रिफळा, एवढा साधा सौदा. शिवाय 2023 पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला. चार षटके टाकून झाली की गोलंदाजाला बसवून दुसरा फलंदाज उतरवता येतो, म्हणजे ज्येष्ठांना सीमारेषेवर धावण्यापासून सवलत. एसटीने ज्येष्ठांना अर्धे तिकीट दिले, क्रिकेटने अर्धा सामना दिला.

प्रतिपक्षाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. 2024 मध्ये तोच चावला त्याच संघात होता आणि संघ पुन्हा दहावा आला. दोष कर्णधार बदलाला दिला गेला, नव्या कर्णधाराची प्रेक्षकांनी घरच्याच मैदानावर हुर्यो उडवली, मालकांना टोमणे बसले. चावलाला कुणी काही बोलले नाही. 50 लाखांत दोष येत नाही. या खरेदीचे खरे मर्म इथे आहे: म्हातारा चालला तर घेणाऱ्याच्या पारखी नजरेचे कौतुक होते, नाही चालला तर तो घेतला होता हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. साडेसतरा कोटींच्या खेळाडूबाबत असे विस्मरण शक्य नाही. जून 2025 मध्ये चावला निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर आयपीएलचे 192 बळी होते.

अमेरिकेतल्या बेसबॉलने या व्यवहारात आणखी एक पाऊल टाकले आहे. तिथे पडता संघ अनुभवी पिचरला, म्हणजे तिथल्या गोलंदाजाला, एका वर्षाच्या करारावर घेतो तो जिंकण्यासाठी नव्हे, हंगामाच्या मध्यावर विकण्यासाठी. शिकागो कब्जने 2013 साठी स्कॉट फेल्डमनला 60 लाख डॉलरना घेतले आणि जुलैत बाल्टिमोरला देऊन टाकले. बदल्यात आलेल्यांत जेक अरिएटा होता. 2015 मध्ये अरिएटा लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला आणि 2016 मध्ये कब्जने 108 वर्षांनी विजेतेपद मिळवले. फेल्डमन तेव्हा भलत्याच संघात होता. पेटीच्या तळाचा आंबा देऊन बागच घेतल्यासारखा हा व्यवहार. कोकणातल्या दलालांनीही याचा अभ्यास करावा.

महाराष्ट्रातले सर्वात टोकाचे उदाहरण प्रवीण तांबे यांचे. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षे लेगस्पिन टाकणारे तांबे 2013 मध्ये राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरले तेव्हा 41 वर्षांचे होते आणि तोवर एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेले नव्हते. मे 2014 मध्ये अहमदाबादला कोलकात्याची धावसंख्या बिनबाद 121 असताना सामना संपल्यात जमा होता. आधी शेन वॉटसनने एका षटकात तिघांना घरी पाठवले. मग तांबेंचा चेंडू वाइड गेला आणि पुढे आलेला मनीष पांडे यष्टिचीत झाला. पुढच्या चेंडूवर युसुफ पठाणने झेल परत त्यांच्याच हातात दिला. त्यानंतर रायन टेन डोशाटे पायचीत. नियमाप्रमाणे दोनच चेंडू मोजले गेले आणि हॅटट्रिक पूर्ण झाली. 6 बाद 123. कोलकात्याने हे मनात ठेवले असावे, कारण डिसेंबर 2019 च्या लिलावात त्यांनी 48 वर्षांच्या तांबेंना 20 लाखांना घेतले. परवानगीविना परदेशातली टी-10 लीग खेळल्याबद्दल क्रिकेट मंडळाने त्यांना अपात्र ठरवले. वय आड आले नाही, कागद आला.

वेळणेश्वरसारख्या गावांत पुनर्बांधणी ही टप्प्याटप्प्याने करायची योजना नसून कायमची स्थिती असते. बारावी झाली की सलामीचा फलंदाज मुंबईला जातो, आयटीआय झाला की यष्टिरक्षक लोटे गावच्या कारखान्यात. संघ दरवर्षी तळातून उभा राहतो आणि अशा वेळी निवृत्त होऊन गावी आलेला, बापूकाका म्हणून ओळखला जाणारा चाकरमानी उपलब्ध असतो. त्याने एके काळी आझाद मैदान गाजवल्याचे तो स्वतः सांगतो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर टेनिसचा चेंडू उसळत नाही, सरपटत येतो. बापूकाकांचा तर थांबत थांबत येतो. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला पुतण्या आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि घोटाभर पाण्यात उभा असलेला क्षेत्ररक्षक झेल घेतो. षटकात तीन असे, उरलेले तीन माडांच्या बागेत.

इथे मूळ किंमत शून्याच्याही खाली जाते. संघाच्या टी-शर्टांचा खर्च बापूकाकांनीच दिलेला असतो, पाठीवर त्यांच्या दिवंगत वडिलांचे नाव स्मरणार्थ छापलेले असते, ग्रामस्थ मंडळाच्या पावतीपुस्तकातली पहिली पावतीही त्यांचीच. तेव्हा त्यांना संघात घ्यावे की नाही, हा विषय सभेपुढे येतच नाही. सभेत चर्चा होते ती पहिले षटक त्यांना द्यावे की शेवटचे, आणि ठराव असा होतो की दोन्ही द्यावीत.