‘फक्त दहा टक्के’वाल्या सेल्स मॅनेजरना खुले पत्र

सेल्स मॅनेजरसाहेब,

माझ्या दोन मावसभावांच्या मुलुंडचा 1 कोटी 20 लाखांचा फ्लॅट तुम्ही ‘फक्त 12 लाख भरा’ म्हणून गळ्यात मारलात. सॅम्पल फ्लॅटमध्ये बसवून दोघांचे पगार कॅल्क्युलेटरवर एकत्र करून दाखवलेत. मावशी शेजारीच होती. तिनं विचारलं, ‘बाकीचे कोण देणार?’ तुम्ही म्हणालात, ‘बँक.’

सगळे बँक देत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. गृहकर्ज 75 लाखांच्या वर गेलं की घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपुढे द्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे कर्ज 90 लाख. मधले 18 लाख कुठून आणायचे? वर जीएसटी 6 लाख, मुद्रांक शुल्क 7 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार. तुमच्या कॉस्ट शीटच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘कर व शुल्क अतिरिक्त’ एवढंच! 12 लाखांचे साडेत्रेचाळीस लाख झाले. धाकट्यानं पर्सनल लोन काढलं, थोरल्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवले.

तो दहा टक्क्यांचा आकडा तरी कुठला? नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असं रेरा कायद्याचं कलम 13 सांगतं. ग्राहकाला वाचवायला घातलेली मर्यादा तुम्ही ग्राहक पकडायचा गळ केलीत. लाज वाटायला हवी.

आणि ‘दोघांत अर्धा अर्धा हप्ता’ हे तुमचं सांगणं तर धडधडीत खोटं. सहकर्जदार झाला की प्रत्येक जण पूर्ण कर्जाला बांधील असतो. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे 78 हजार. धाकट्याची नोकरी गेली आणि ते सगळे थोरल्याच्या बोकांडी बसले. हप्ता थकला तेव्हा सिबिल दोघांचाही बिघडला. आज सख्खे भाऊ एकमेकांचा फोन उचलत नाहीत. तुमचं गणित पक्कं आहे, साहेब. दानत कच्ची आहे.

भावाबहिणींत, मित्रांत मिळून घर घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: बुकिंगचा चेक फाडण्याआधी सगळ्या खर्चाचा एकूण आकडा लेखी मागा, कर्ज किती मिळेल ते बँकेत स्वतः जाऊन विचारा, आणि एकट्याच्या पगारात पूर्ण हप्ता किती महिने निघेल ते घरी बसून मांडा. लेखी आकडा द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्या दारातून तसेच माघारी फिरा.